खाटेजवळचं यंत्र

आमच्या अंगणात ज्वारीचं पेव होतं. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात मालदांडी पिकायची आणि सुगी झाली की घरी लागेल तेवढी वर ठेवून उरलेली जमिनीच्या पोटात जायची. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली खोलीएवढी जागा. कडेनं काड लावायचं, मधे ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून माती लिंपायची. उन्हाळ्यात किंवा अडीनडीला पेव उघडायचं म्हटलं की आम्हा पोरांना सणासारखं वाटायचं.

पण वडील घाई करू द्यायचे नाहीत. तोंड उघडून ठेवायचे, वारा लागू द्यायचे. मग दोरीला पेटता कंदील बांधून हळूहळू आत सोडायचे. ज्योत मंदावली तर आत वाईट हवा आहे, कुणी उतरायचं नाही. ज्योत ताठ राहिली तर गडी उतरायचा. आम्ही तोंडाशी पालथे पडून आत बघायचो. एरवी ज्या जमिनीवर गोट्या खेळायचो, तिच्या पोटात एवढं काय काय असतं ते त्या उजेडात दिसायचं. शेजारच्या गावात एकजण कंदील न सोडता उतरला होता, तो वर आलाच नाही. वडील दरवर्षी ती गोष्ट सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "आत काय हाय ते बघितल्याबिगर माणूस सोडायचा न्हाई."

पुढे मी डॉक्टर झालो आणि आयुष्याची कितीतरी वर्षं बंद पोटांवर हात ठेवून, कंदिलाशिवाय, आत काय असेल याचे अंदाज बांधत राहिलो. कंदील आला, तो कसा आला, हातातून कसा गेला आणि पोरांच्या हातात परत कसा द्यावा लागला, ते लिहून ठेवावंसं वाटतं.

1976 साली मी सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झालो. कॉलेज 1963 चं, म्हणजे तसं तरुणच. वर्गात पुण्या-मुंबईची पोरं होती, तशी अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी, पूर्वभागातल्या विणकरांच्या घरची तेलुगू बोलणारी आणि आमच्यासारखी भाकरी बांधून आलेलीही होती. दुसऱ्या वर्षी वॉर्डात गेलो. सरांनी खाटेजवळ उभं करून पहिल्याच दिवशी चार शब्द पाठ करून घेतले. बघा, हात लावा, ठोका, ऐका. "या चारांच्या आधी एक्सरे मागितला तर वॉर्डाबाहेर काढीन," असा दम वर.

डावा हात पेशंटच्या छातीवर पसरायचा आणि त्याच्या मधल्या बोटावर उजव्या हाताच्या बोटानं ठोकायचं. खाली हवा असेल तर पोकळ आवाज, पाणी असेल तर भरीव. शहरातल्या पोरांना ते जमायला आठवडा लागला. मला पहिल्याच दिवशी जमलं. आई कुंभाराकडे घागर घ्यायला गेली की बोटानं वाजवून बघायची. आजोबा भीमेच्या वाळवंटातलं कलिंगड तसंच वाजवून घ्यायचे. हे मी सरांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "अरे, ही विद्याच मुळी एका दारूवाल्याच्या पोराची आहे."

त्या पोराचं नाव लिओपोल्ड औएनब्रुगर. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स गावी त्याच्या बापाची खाणावळ होती. पिंपात दारू किती उरली ते पिंप ठोकून कळतं, हे तिथं घरोघर ठाऊक. पोरगा डॉक्टर झाल्यावर माणसाची छाती ठोकून बघू लागला आणि 1761 साली त्यानं त्यावर छोटं पुस्तक काढलं. पण फार कुणी लक्ष दिलं नाही. जवळजवळ 50 वर्षं ते तसंच पडून राहिलं. 1808 साली पॅरिसच्या कोर्विझार नावाच्या मोठ्या डॉक्टरानं ते फ्रेंचमध्ये आणलं, आपल्या विद्यार्थ्यांना खाटेजवळ शिकवलं, तेव्हा कुठं ती रीत दवाखान्यांत रुजली. त्याच पॅरिसमध्ये 1816 साली लेनेकनं कागदाची सुरळी करून एका बाईच्या छातीला लावली आणि तिथून स्टेथोस्कोप निघाला. सरांनी हे सांगितलं तेव्हा मी गंमत म्हणून ऐकलं. शोध लागला म्हणजे झालं असं नसतं, तो शिकवणारा भेटावा लागतो, हा त्यातला धडा मला फार उशिरा कळला.

सोलापूरकरांना तर तो आधीच कळायला हवा होता. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्याच गावचे, 1910 चा जन्म. 1938 साली काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं त्यात ते गेले. युद्ध चालू, साधनांची टंचाई, आणि तिथं ते चिनी भाषा शिकले, शस्त्रक्रिया करता करता तिथल्या पोरांना शिकवत राहिले. 1942 च्या डिसेंबरात, अवघ्या 32 व्या वर्षी, तिथंच गेले. आपल्याकडे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यांची जखमींची सेवा सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांनी मास्तरकीही केली, हे कमी बोललं जातं.

आता माझी गोष्ट. 1985 ची सुगी. जिल्ह्याच्या एका कडेच्या दवाखान्यात मी एकटा डॉक्टर होतो. ज्वारी काढताना रानात चक्कर येऊन पडलेली 25 वर्षांची बाई रात्री बैलगाडीतून आणली. दोन लेकरांची आई. पोटात दुखतंय म्हणत होती. नाडी जलद, चेहरा पांढराफटक. पाळी चुकली का विचारलं तर सासूच मधे म्हणाली, "न्हाई, तसलं काय न्हाई." पोट ठोकून बघितलं, आवाज भरीव वाटला, पण खात्री होईना. तेव्हा आम्हाला शिकवलेला शेवटचा उपाय म्हणजे सुई. पोटाच्या चार कोपऱ्यांत सुई घालून ओढून बघायचं. तीन ठिकाणी काहीच आलं नाही. चौथ्या ठिकाणी थोडं रक्त आलं आणि ते गोठलं. पोटात साचलेलं रक्त गोठत नाही, गोठलं तर सुई शिरेत गेली असं समजायचं, असा नियम. मी नियमाप्रमाणे समजलो. सलाईन लावलं आणि सकाळची वाट बघितली.

पहाटे तिचे हातपाय गार पडले. जीप मिळवून सोलापूरकडे निघालो. ती वाटेतच गेली.

नवरा जीपच्या चाकाला टेकून बसला होता. रडत नव्हता. त्यानं एवढंच विचारलं, "डाक्टर, आत काय झालतं?" मला सांगता आलं नाही. दोन दिवसांनी शवविच्छेदनात कळलं. गर्भ गर्भाशयात न राहता नळीत राहिला होता, नळी फुटली होती, पोट रक्तानं भरलं होतं. माझ्या सुईच्या टोकापासून ते रक्त किती लांब होतं कोण जाणे.

त्या वर्षांत सोनोग्राफीची यंत्रं मोठ्या शहरांत नुकती दिसू लागली होती. कपाटाएवढं यंत्र आणि अंधारी खोली. माणसाला ऐकू येत नाही असा आवाज अंगात सोडायचा आणि आतून येणाऱ्या प्रतिध्वनीचं चित्र काढायचं. या आवाजाचं मूळ 1880 च्या क्यूरी बंधूंच्या शोधात आहे. काही स्फटिक दाबले की त्यांत वीज तयार होते, आणि वीज दिली की तेच स्फटिक थरथरतात. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं याच गुणावर पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकायचं साधन केलं. पुढे कारखान्यांत लोखंडातल्या चिरा शोधायला हाच आवाज वापरू लागले. 1955 साली ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॉयलरच्या कारखान्यात गेले आणि तिथल्या चिरा शोधायच्या यंत्रावर धरून बघितल्या. पाण्याची गाठ आणि मांसाची गाठ वेगळी ओळखू आली. पुढे एका बाईला पोटाचा कॅन्सर म्हणून सगळ्यांनी हात टेकले होते, तिच्या पोटावर त्यांनी यंत्र धरलं तर आत अंडाशयाची पाण्याची गाठ निघाली. ती काढली, बाई वाचली. 1958 साली त्यांचा लेख लॅन्सेटमध्ये आला. म्हणजे माझ्या खाटेवरची बाई गेली तेव्हा हा कंदील पेटून 27 वर्षं झाली होती. आमच्यापर्यंत तो पोचलाच नव्हता.

मग तो पोचला, आणि आम्ही त्याचं काय केलं?

तालुक्याच्या गावांत यंत्रं आली. त्यांनी किती बाळंतिणी वाचवल्या ते मी पाहिलंय. पण त्याच यंत्रावर पोटातली पोरगी दिसते, हे लोकांना कळायला वेळ लागला नाही, आणि सांगायचे पैसे मिळतात हे डॉक्टरांना कळायला तर मुळीच नाही. माझे सख्खे चुलते सुनेला घेऊन माझ्या दारात आले. दोन नातींवर तिसरी नको होती. "घरचा डाक्टर असून काय उपेग? तेवढं बघून सांग की." मी नाही म्हणालो. ते पाणीसुद्धा न पिता उठले. तिला पुढे कुठं नेलं ते मी विचारलं नाही. सून परत आली तेव्हा तिचं पोट रिकामं होतं. चुलते पुढे अनेक वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मीही पोलिसात गेलो नाही. हे लिहिताना आजही पेन अडतं.

मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी, काही डॉक्टरांनीही, आरडाओरडा केला. महाराष्ट्रानं 1988 साली कायदा केला, असा कायदा करणारं देशातलं हे पहिलं राज्य. केंद्राचा कायदा 1994 चा, 2003 साली तो आणखी कडक झाला. तरीही दर हजार मुलग्यांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुली 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 913 होत्या, त्या 2011 मध्ये 894 झाल्या. कोल्हापुरात लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना प्रत्येक यंत्राला नोंद ठेवणारी पेटी जोडली, तिला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' म्हणत. 2012 साली परळीचं प्रकरण गाजल्यावर राज्यभर तपासण्या झाल्या, यंत्रांना सील लागली.

कायद्याचं म्हणणं साधं आहे. यंत्राची नोंदणी हवी, जागेची हवी, वापरणाऱ्याचं नाव नोंदलेलं हवं. गरोदर बाईची तपासणी केली की एफ फॉर्म भरायचा. यंत्र उचलून गावोगाव हिंडायचं नाही. मी या कायद्याच्या बाजूचा माणूस आहे. चुलत्यांची सून मी पाहिली आहे. पण त्याचा एक उलटा परिणामही मी पाहिला. यंत्र म्हणजे कटकट, असं धरून लोक त्याच्यापासून लांब राहू लागले. एका रुग्णालयात चांगलं यंत्र कुलपात होतं. वर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरावर धूळ, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. किल्ली ज्यांच्याकडे ते आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे सहा दिवस पेशंटनं काय करायचं? इंटर्न म्हणून आलेल्या पोरांना विचारलं, तुम्ही कधी प्रोब हातात धरलाय का? सगळे गप्प. साडेचार वर्षं शिकून आलेली पोरं, आणि माझ्यासारखीच पोट ठोकून अंदाज बांधत होती. पुन्हा 1985 च.

तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. प्रशिक्षण घेतलं, आपल्याहून 20 वर्षांनी लहान डॉक्टरांच्या हाताखाली उभा राहिलो, नाव रीतसर नोंदवलं. यंत्र गावात नेता येत नसेल तर पोरं यंत्राजवळ आणायची, असं ठरवलं. एका नोंदणीकृत ठिकाणी, दर गुरुवारी दुपारी, ओपीडी संपल्यावर.

पहिल्या दिवशी मी यंत्र चालूच करत नाही. दारावरची पाटी मोठ्यानं वाचायला लावतो. 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.' मग चुलत्यांची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, पण नातं सांगतो. पोरं खाली बघतात. ज्याच्या घरात असं काही झालं नाही असा वर्ग मला अजून मिळालेला नाही.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर. चायना ग्रास उकळायचं, त्यात इसबगोल घालायचं, डब्यात ओतताना मधे द्राक्षं सोडायची आणि पाणी भरून गाठ मारलेलं हातमोज्याचं बोट ठेवायचं. थिजलं की वरून काही दिसत नाही. इसबगोलानं पडद्यावर मांसासारखा करडा रंग येतो आणि पाणी काळं दिसतं. सुई पाण्यापर्यंत बघत बघत कशी न्यायची ते या डब्यावर शिकायचं. माणसावर पहिली चूक करू नये म्हणून हा डबा. आमच्या सिस्टर त्याला 'डॉक्टरांचा खरवस' म्हणतात.

तिसऱ्या दिवसापासून एकमेकांची पोटं. पोरंच एकमेकांचे पेशंट होतात, आणि गरोदर बाईला विद्यार्थ्याचा हात लागत नाही, हा माझा पक्का नियम. जेल लावायचं, कारण मधे हवा राहिली तर आवाज आत जात नाही. मग चार जागा. उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधली फट, डावीकडे प्लीहेभोवती, खाली मूत्राशयाच्या मागे, आणि छातीच्या हाडाखालून हृदय. अपघातात सांडलेलं रक्त या खोलगट जागांत साचतं, पाणी बांधाच्या कडेला साचावं तसं. जिथं काळी रेघ नसायला हवी तिथं ती दिसली की समजायचं. चारही जागा बघायला सरावलेल्या हाताला चार-पाच मिनिटं पुरतात.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक गुरुवारी सांगतो. दिसलं तर पळा. नाही दिसलं तर 'नाही' म्हणू नका, थांबा आणि पुन्हा बघा. थोडकं रक्त सुरुवातीला दिसत नाही. माझ्या सुईनं मला 'नाही' सांगितलं होतं आणि मी त्यावर विश्वास ठेवून झोपलो होतो. यंत्रसुद्धा तेवढंच खोटं बोलू शकतं. म्हणून ते चार शब्द सुटत नाहीत. बघा, हात लावा, ठोका, ऐका, आणि मग पाचवा, आत बघा.

माझे एक रेडिऑलॉजिस्ट मित्र यावर रागावतात. "आम्ही तीन वर्षं घालवतो, तू गुरुवारी दुपारी डॉक्टर पाडतोस." त्यांचं म्हणणं मी खोटं मानत नाही. अर्धवट शिकलेला हात घातकच. म्हणून माझी पोरं रिपोर्ट लिहीत नाहीत. गाठ कसली, खडा केवढा, हे त्यांचं काम नाही. त्यांनी एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, आत रक्त किंवा पाणी आहे का? हे सांगितल्यावर मित्र म्हणाले, "मग मीच येतो एक गुरुवार." आले, आणि पोरांचे हात धरून माझ्याहून चांगलं शिकवून गेले.

मागे एका गळीत हंगामात संध्याकाळी उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला 14 वर्षांचा पोरगा आला. ऊसतोडीच्या टोळीतला. अंगावर फारसं खरचटलेलंही नव्हतं. पोट मऊ, पोरगा बोलत होता. बाप म्हणत होता, "लागलं न्हाई फार, जाऊ द्या साहेब, गाडी खाली करायचीय." ड्यूटीवर वैरागकडची एक इंटर्न पोरगी होती. तिला त्याची नाडी पटेना. तिनं मला बोलावलं. मी शेजारी उभा राहिलो, प्रोब तिच्या हातात. पहिल्यांदा काही दिसलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोललो नाही. "सर, थांबते," ती म्हणाली. सलाईन लावलं, 20 मिनिटांनी पुन्हा प्रोब ठेवला. प्लीहेभोवती काळी किनार आली होती.

108 ला फोन गेला, सिव्हिलला आधी कळवलं. गाडी येईपर्यंत बाप तिच्या मागं लागला, "बाई, आत काय झालंय?"

मी भिंतीला टेकलो. तिनं पडदा त्याच्याकडे वळवला आणि बोट ठेवलं. "हे करडं दिसतंय ना काका, ती प्लीहा. आणि ही काळी कड, ते रक्त. आतनं सांडतंय. म्हणून पळायचं." बापानं वाकून बघितलं. मग काही न बोलता पोराच्या चपला उचलून काखेत धरल्या आणि गाडीत बसला.

पोरगा वाचला. त्या रात्री ते आम्हाला माहीत नव्हतं. गाडी गेल्यावर तिनं प्रोब पुसला, रजिस्टरमध्ये वेळ आणि नाव लिहिलं, खाली माझी सही घेतली, खोलीला कुलूप लावून किल्ली सिस्टरच्या ताब्यात दिली. तिला ते कुणी सांगावं लागलं नाही. यंत्र आतलं दाखवतं; त्यातलं काय बघायचं आणि काय बघायचं नाही, ते शिकवावं लागतं. किल्ली दिल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, गुरुवारी नवीन बॅच येतीय. खरवस मी करू का?"